माउस नेमका कुठे आहे? जावास्क्रिप्टमध्ये पॉइंटरचे एक्स-वाय कसे वाचायचे

जावास्क्रिप्ट शिकायला लागलं की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच ‘माउस कुठे आहे ते कसं कळणार?’ हा प्रश्न येतो. कर्सरमागे फिरणारी टीप दाखवायची असते, कॅनव्हासवर रेघ ओढायची असते किंवा फोटोवर खूण करायची असते. शोधायला गेलं तर एकाला चार उत्तरं मिळतात: क्लायंट-एक्स, पेज-एक्स, ऑफसेट-एक्स, स्क्रीन-एक्स. गंमत अशी की छोट्या पानावर, स्क्रोल न करता बघितलं तर यातली बरीचशी बरोबरच वाटतात. पान लांबलं, कुणी ते मोबाइलवर उघडलं किंवा फोटोला बॉर्डर दिली की खूण भलतीकडे उमटते, आणि मग ‘अंदाजे वीस वजा करून बघू’ असे प्रयोग सुरू होतात.

ते प्रयोग करायची गरज नाही. प्रत्येक आकड्याला एकच गोष्ट विचारायची: बाबा, तू कुठून मोजला गेलास? शून्य कुठे आहे हे कळलं की उरतं ते चौथीच्या मुलाला जमेल असं वजाबाकीचं गणित.

हे सगळं आपण एका कामाच्या निमित्ताने बघू. शाळेच्या बॅचचा ग्रुप फोटो पानावर ठेवायचा, चेहऱ्यावर क्लिक केलं की तिथे नावाची पट्टी चिकटवायची, आणि ती पट्टी लॅपटॉपवर व फोनवर त्याच चेहऱ्यावर दिसली पाहिजे. काम छोटंसं आहे, पण जवळजवळ सगळे खाचखळगे त्यात येतात.

नावांबद्दल एक सूचना. या लेखात मी ती बोलताना म्हणतो तशी लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा किंवा आडवी रेघ न ठेवता लिहायची. पहिला शब्द लहान अक्षरांत आणि पुढच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं. इव्हेंटची (ब्राउझरकडून येणाऱ्या निरोपांची) नावं मात्र सगळी लहान अक्षरांत. सीएसएसमधली नावंही लहान अक्षरांत, पण त्यांतली आडवी रेघ तशीच ठेवायची. व्हीएस कोडसारख्या एडिटरमध्ये लिसनरच्या (इव्हेंट ऐकणाऱ्या) फंक्शनमध्येच ‘ई’ लिहून डॉट दिलात की यादी समोर येते, स्पेलिंग पाठ करत बसावं लागत नाही.

पायरी १: कोरं पान आणि एक पाटी

एक एचटीएमएल फाइल करा. पहिल्या ओळीत डॉकटाइप (हे आजच्या पद्धतीचं एचटीएमएल आहे असं ब्राउझरला सांगणारी ओळ) हवाच, त्याचं कारण पुढे येईल. बॉडीमध्ये एक डिव्ह ठेवा, आयडी ‘पाटी’. सीएसएसमध्ये तिला पोझिशन फिक्स्ड देऊन उजव्या खालच्या कोपऱ्यात बसवा. स्क्रिप्ट बॉडीच्या शेवटी लिहा, म्हणजे स्क्रिप्ट चालेल तेव्हा पाटी पानावर आलेली असेल. सर्व्हर वगैरे काही लागत नाही, फाइलवर डबल क्लिक केलं की झालं.

आता पहिली मोठी गोष्ट. ‘माउस आत्ता कुठे आहे?’ असं ब्राउझरला विचारणारं फंक्शन जावास्क्रिप्टमध्ये नाही. पुष्कळ जण ते शोधण्यात तास घालवतात. ब्राउझर स्वतःहून कळवतो, माउस हलला की किंवा बटण दाबलं की, आणि त्या निरोपासोबत आकडे पाठवतो. हा निरोप म्हणजे इव्हेंट. म्हणून पान नुकतं उघडलंय आणि माउसला कुणी हात लावलेला नाही, अशा वेळी स्थान माहीतच नसतं. सुरुवातीला शून्य-शून्य गृहीत धरून काहीतरी रंगवलंत तर ते डाव्या कोपऱ्यात उगाच दिसत राहतं.

निरोप घ्यायचा तो असा:

डॉक्युमेंट.ॲड-इव्हेंट-लिसनर('माउसमूव्ह', दाखव)

आणि ‘दाखव’ या फंक्शनमध्ये, ‘ई’ हे पॅरामीटर घेऊन:

पाटी.टेक्स्ट-कंटेंट = ई.क्लायंट-एक्स + ', ' + ई.क्लायंट-वाय

वरच्या ओळीत ‘दाखव’ला कंस लावलेला नाही, तिकडे नीट बघा. कंस लावलात तर फंक्शन तिथल्या तिथे चालतं, त्याला ‘ई’ मिळत नाही आणि कन्सोलमध्ये अनडिफाइन्डची लाल ओळ येते. नवशिक्यांचे निम्मे ‘माउस काम करत नाही’ या कंसापाशीच सुटतात.

जाता जाता: फंक्शनचं नाव खरोखरच देवनागरीत ‘दाखव’ ठेवलंत तरी जावास्क्रिप्टला चालतं, फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलेली असली म्हणजे झालं. ऑफिसातल्या कोडमध्ये करू नका, घरी खुशाल करा.

पायरी २: माउस फिरवा आणि आकडे बघा

कोड लिहायची घाई नको, पाच मिनिटं नुसता माउस फिरवा. पानाच्या अगदी डाव्या वरच्या कोपऱ्यात न्या: शून्य, शून्य. उजवीकडे सरकवा, एक्स वाढतो. खाली सरकवा, वायसुद्धा वाढतो. शाळेच्या आलेखवहीत वाय वर जाताना वाढायचा, इथे खाली येताना वाढतो. ही सवय लागायला थोडा वेळ जातो. कॅनव्हासवर आलेख काढणाऱ्यांचे आलेख पहिल्यांदा उलटे येतात ते यामुळेच.

आता कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबून पान दीडशे टक्के झूम करा आणि माउस उजव्या टोकाला न्या. १३६६ पिक्सेल रुंदीच्या स्क्रीनवर, विंडोजचं स्केलिंग शंभर टक्के असताना, आधी आकडा १३६५ च्या आसपास पोचत होता (स्क्रोलबार असेल तर थोडा आधीच थांबत होता). आता तो ९१० च्या पुढे जात नाही. स्क्रीन तीच, माउस तोच. हे पिक्सेल म्हणजे काचेवरचे ठिपके नव्हेत, ती सीएसएसची एकक आहेत. एका सीएसएस पिक्सेलमध्ये खरे ठिपके किती, ते विंडोच्या डिव्हाइस-पिक्सेल-रेशो या आकड्यात मिळतं. माउसचे आकडे आणि सीएसएसमधली लेफ्ट, टॉप, विड्थ ही सगळी याच एककात असतात. त्यामुळे झूमची काळजी तुम्हाला सहसा करावी लागत नाही. रेशोने गुणायच्या-भागायच्या फंदात पडू नका, कॅनव्हास धारदार करायचा असेल तेवढाच अपवाद.

पायरी ३: चार जोड्या, चार शून्यं

पाटीवर आता चारही जोड्या छापा, आणि पान लांब व्हावं म्हणून बॉडीला तीन हजार पिक्सेल उंची द्या.

क्लायंट-एक्स आणि क्लायंट-वाय मोजले जातात ते ब्राउझरमध्ये आत्ता दिसणाऱ्या भागाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून. टॅब आणि ॲड्रेस बार त्यात धरत नाहीत. पान कितीही स्क्रोल झालेलं असो, खिडकीत वर तर आकडा लहान. पेज-एक्स आणि पेज-वाय मोजले जातात अख्ख्या पानाच्या सुरुवातीपासून, म्हणजे स्क्रोल करून वर गेलेला भागही धरून. दोघांतला फरक बरोबर तेवढाच, जेवढं स्क्रोल झालं:

पेज-वाय = क्लायंट-वाय + विंडो.स्क्रोल-वाय

पान ६०० पिक्सेल खाली सरकलंय आणि क्लायंट-वाय २०० आहे, तर पेज-वाय ८००. बघून खात्री करा. माउस स्थिर ठेवून नुसतं चाक फिरवलंत तर पाटीवरचा जुना आकडा क्षणभर तसाच राहू शकतो. तो बिघाड नाही, माउस हलल्याचा नवा निरोप आला की आकडा बदलतो.

स्क्रीन-एक्स आणि स्क्रीन-वाय मॉनिटरच्या कोपऱ्यापासून मोजतात. पानावर काही ठेवायला त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य. मुख्य मॉनिटरच्या डाव्या बाजूला दुसरा मॉनिटर जोडला असेल तर हे आकडे ऋणसुद्धा येतात. त्यांना विसरलात तरी चालेल.

चौथी जोडी ऑफसेट-एक्स आणि ऑफसेट-वाय. ज्या एलिमेंटवर माउस आहे त्याच्या आतून मोजलेले आकडे. ऐकून वाटतं, अरे, हेच तर हवं होतं! फोटोच्या आतलं स्थान आयतं मिळालं. नवशिके इथेच अडकतात, म्हणून पुढची पायरी सावकाश वाचा.

कुठली जोडी वापरायची यावर माझं मत स्पष्ट आहे. क्लायंटची जोडी धरा आणि बाकी सगळं त्यातून काढा. एकच शून्य डोक्यात ठेवलं की गोंधळ होत नाही. पेज-एक्स अधूनमधून लागेल, तेवढ्यापुरतं लागेल.

पायरी ४: फोटोच्या आतलं स्थान

एचटीएमएलमध्ये फोटो थेट पानावर न ठेवता एका डिव्हमध्ये ठेवा. या डिव्हला पोझिशन रिलेटिव्ह आणि डिस्प्ले इनलाइन-ब्लॉक द्या. नावाच्या पट्ट्या याच डिव्हमध्ये, पोझिशन ॲब्सोल्यूटने बसणार आहेत, कारण इमेज टॅगच्या पोटात काही ठेवता येत नाही. आणि फोटोला डिस्प्ले ब्लॉक न विसरता द्या. इमेज ही मुळात मजकुरातल्या अक्षरासारखी ओळीत बसते, आणि ओळीतल्या अक्षरांच्या खाली लोंबणाऱ्या भागासाठी ब्राउझर थोडी जागा राखून ठेवतो. त्यामुळे डिव्ह फोटोपेक्षा चार-पाच पिक्सेल उंच होतो. नुसत्या नजरेला ती फट दिसत नाही, पण टक्क्यांचं गणित करायला लागलात की खालच्या ओळीतल्या मुलांच्या पट्ट्या किंचित घसरतात आणि कारण सापडत नाही.

आता लिसनर डिव्हवर लावा, इव्हेंट ‘क्लिक’, आणि ऑफसेट-एक्स छापून बघा. पहिला क्लिक बरोबर येतो. तिथे एक पट्टी बसवा आणि मग त्या पट्टीवरच क्लिक करा. मघाशी ३२० आलेला आकडा आता ११ येतो! कारण ऑफसेट मोजला जातो तो इव्हेंटच्या टार्गेटपासून, म्हणजे माउसखाली जी सर्वांत वरची वस्तू आहे तिच्यापासून. तुम्ही लिसनर कुठे लावला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पट्टीवर क्लिक केलं की टार्गेट पट्टी, आणि शून्यही पट्टीच्या कोपऱ्यात. माउसमूव्हवर हाच प्रयोग करून बघा, पट्टीवरून माउस नेताना आकडे मधेच खाली कोसळतात आणि पुन्हा वर उडी मारतात. ओढून नेण्याच्या कोडमध्ये वस्तू थरथरते ती बरेचदा यामुळे.

भरवशाचा रस्ता असा. फोटोला विचारा, तू खिडकीत कुठे आहेस:

चौकट = फोटो.गेट-बाउंडिंग-क्लायंट-रेक्ट()

यातून लेफ्ट, टॉप, विड्थ, हाइट मिळतात, आणि लेफ्ट-टॉप हे क्लायंटच्याच शून्यापासून मोजलेले असतात. शून्य एकच, तेव्हा सरळ वजाबाकी:

आतला एक्स = ई.क्लायंट-एक्स − चौकट.लेफ्ट
आतला वाय = ई.क्लायंट-वाय − चौकट.टॉप

फोटो खिडकीत डावीकडून १५० वर सुरू होतो आणि माउस ४७० वर आहे, तर आतला एक्स ३२०. स्क्रोलचा विचार करायचाच नाही, कारण दोन्ही आकडे स्क्रोलसोबत एकत्रच हलतात. इथे क्लायंटच्या जागी पेज-एक्स टाकलात तर मात्र फसाल. पान न हलवता सगळं बरोबर येईल आणि स्क्रोल केल्यावर तेवढ्याच अंतराने चुकेल. नेहमीची चूक आहे ही.

चौकट कधी मोजायची? प्रत्येक क्लिकला, इव्हेंटच्या आत. पान उघडताना एकदा मोजून व्हेरिएबलमध्ये ठेवायचा मोह होतो. तो आवरा. पान स्क्रोल झालं की ती चौकट शिळी. शिवाय पान उघडलं त्या क्षणी फोटो अजून डाउनलोड झालेला नसला तर त्याची उंचीही शून्य असू शकते.

बॉर्डरचं काय? ही चौकट बॉर्डरसकट असते. फोटोला दहा पिक्सेलची फ्रेम दिली असेल तर आतून मोजताना ते दहा आणखी वजा करावे लागतात. एलिमेंटच्या क्लायंट-लेफ्ट आणि क्लायंट-टॉपमध्ये हीच बॉर्डरची जाडी असते. त्यापेक्षा सोपं म्हणजे फोटोला बॉर्डर देऊच नका, बाहेर आणखी एक डिव्ह ठेवून त्याला द्या. आणि फोटो सीएसएसने तिरका फिरवला असेल तर ही वजाबाकी चालत नाही, कारण चौकट मिळते ती तिरक्या फोटोला बाहेरून वेढणारी सरळ चौकट. तिथे ऑफसेटची जोडीच कामाची, अर्थात फोटोवर दुसरं काही नसेल तर.

पायरी ५: पिक्सेल साठवू नका, प्रमाण साठवा

३२० हा आकडा तसाच साठवला तर लॅपटॉपवर पट्टी नाकावर बसेल आणि फोनवर शेजारच्या मुलाच्या कानावर. लॅपटॉपवर फोटो ८०० रुंद दिसतोय, फोनवर ३६०. म्हणून भागाकार करून साठवा:

प्रमाण एक्स = आतला एक्स ÷ चौकट.विड्थ

३२० भागिले ८०० म्हणजे ०.४. पट्टीला लेफ्ट ४० टक्के दिलं की फोनवर ती १४४ वर बसते, त्याच चेहऱ्यावर. वायचंही तसंच, हाइटने भागून. मूळ फाइल १६०० रुंदीची असेल आणि फोटोतला खरा ठिपका हवा असेल, तर प्रमाणाला नॅचरल-विड्थने गुणा, ६४० मिळेल.

पट्टीचा मध्य क्लिकच्या जागी यायला हवा, डावा कोपरा नव्हे. त्यासाठी सीएसएसमध्ये ट्रान्सफॉर्म ट्रान्सलेट, दोन्हीकडे उणे ५० टक्के. हे पट्टीलाच लावा, गणितात पट्टीची रुंदी वजा करत बसू नका. नावं लांबीला वेगवेगळी असतात.

ऑब्जेक्ट-फिट कंटेन वापरून फोटो ठरावीक चौकोनात बसवला असेल तर सावध. तेव्हा चौकट असते चौकोनाची, आणि फोटोच्या कडेला राहिलेली रिकामी जागाही तिच्यात मोजली जाते. शक्य असेल तर फोटोला रुंदी द्या, उंची ऑटो ठेवा, म्हणजे हा प्रश्नच उद्भवत नाही.

कॅनव्हासवालेही याच पंगतीत. कॅनव्हासला दोन मापं असतात: सीएसएसमधलं दिसण्याचं आणि टॅगवरच्या विड्थ-हाइटमधलं चित्र काढण्याचं. टॅगवर काहीच लिहिलं नाही तर ते ३०० बाय १५० असतं. सीएसएसने तो ६०० रुंद केला आणि ४०० वर क्लिक केलं, तर कोड ४०० वर रेघ काढतो, चित्राची रुंदी मात्र ३०० च. एरर येत नाही, रेघही दिसत नाही. इथे आतल्या एक्सला कॅनव्हास.विड्थने गुणून चौकट.विड्थने भागायचं, मग ४०० चे २०० होतात आणि रेघ माउसखाली उमटते.

पायरी ६: कर्सरमागे टीप

नाव पट्टीवर न लिहिता माउस नेल्यावर दाखवायचं असेल तर टीपेला पोझिशन फिक्स्ड द्या. फिक्स्ड म्हणजे खिडकीपासून, क्लायंट-एक्सही खिडकीपासून, म्हणून तोच आकडा थेट लेफ्टला जातो. पोझिशन ॲब्सोल्यूट असेल आणि टीप बॉडीत सुटी असेल तर पेजची जोडी. यांची अदलाबदल झाली की टीप स्क्रोलनंतर कर्सरपासून दूर पळते.

लेफ्टला आकडा देताना मागे ‘पीएक्स’ जोडायला विसरू नका. नुसतं १२० दिलं तर ब्राउझर ते मुकाट्याने टाकून देतो, तक्रारही करत नाही. डॉकटाइप हवा म्हटलं ते इथेही उपयोगी पडतं. डॉकटाइप नसेल तर ब्राउझर जुनाट पद्धतीने वागतो, त्यात नुसता १२० चालून जातो, आणि मग तोच कोड नीट पानावर डकवला की बंद पडतो.

टीप कर्सरच्या बरोबर खाली ठेवू नका, दहा-बारा पिक्सेल बाजूला सरकवा आणि तिला पॉइंटर-इव्हेंट्स नन द्या. नाहीतर माउसखाली टीपच येते, फोटोवरून माउस गेला असं ब्राउझरला वाटतं, टीप लपते, माउस परत फोटोवर येतो, टीप परत उगवते, आणि हे लुकलुकणं चालूच राहतं. उजव्या कडेपाशी टीप खिडकीबाहेर जाणार असेल, म्हणजे क्लायंट-एक्स अधिक टीपेची रुंदी विंडोच्या इनर-विड्थपेक्षा जास्त भरत असेल, तर ती डावीकडे दाखवा.

हालचाल अडखळत असेल तर प्रत्येक इव्हेंटला टीप हलवू नका. इव्हेंटमध्ये फक्त शेवटचे एक्स-वाय साठवा आणि हलवायचं काम रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेमवर सोपवा. साठ हर्ट्झच्या स्क्रीनवर चित्र सेकंदाला ६० वेळाच बदलतं, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी. त्यापेक्षा जास्त वेळा हलवलेलं कुणाला दिसत नाही. पहिल्या प्रकल्पात मात्र याची चिंता नको.

पायरी ७: फोनवर

फोनवर माउस नाही. टॅप केल्यावर ब्राउझर जुन्या पानांच्या सोयीसाठी माउसचे इव्हेंट बनवून पाठवतो, म्हणून आपला ‘क्लिक’ तिथेही चालतो. पण पट्टी बोटाने ओढून नेऊ द्यायची असेल तर माउसमूव्हवर विसंबता येत नाही.

नव्या कोडमध्ये पॉइंटर इव्हेंट वापरा: पॉइंटरडाउन, पॉइंटरमूव्ह, पॉइंटरअप. माउस, बोट, पेन सगळ्यांना एकच कोड, आणि क्लायंट-एक्स वगैरे नावंही तीच. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर १० मध्ये ही पद्धत २०१२ साली आली, क्रोममध्ये २०१६ ला, फायरफॉक्समध्ये २०१८ ला आणि सफारीत २०१९ ला. आता बिनधास्त वापरता येते. आकडे अपूर्णांकात येऊ शकतात, तेव्हा बरोबर ३२० आहे का असं तपासू नका.

ओढण्यासाठी दोन गोष्टी लागतातच. पट्टीला सीएसएसमध्ये टच-ॲक्शन नन द्या. नाही दिलं तर बोट सरकताच ब्राउझर पान स्क्रोल करायला घेतो, तुम्हाला पॉइंटरकॅन्सल पाठवतो आणि पट्टी अर्ध्या वाटेत थांबते. हे पट्टीलाच द्या, अख्ख्या पानाला दिलंत तर फोनवर पान सरकणारच नाही. दुसरी गोष्ट, पॉइंटरडाउनमध्ये पट्टीवर सेट-पॉइंटर-कॅप्चर बोलवा आणि ई.पॉइंटर-आयडी द्या. मग बोट किंवा माउस भरकन पट्टीबाहेर गेला तरी निरोप पट्टीलाच येत राहतात.

कधीतरी टच इव्हेंटचा कोड समोर येईलच. तिथे आकडे थेट इव्हेंटवर नसतात, टचेस या यादीतल्या पहिल्या बोटावर असतात. बोट उचललं की ती यादी रिकामी होते, म्हणून टचएंडमध्ये चेंज्ड-टचेस वाचायची.

जुना कोड ओळखायचा कसा

शोधताना वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे तुकडे अजून हाती लागतात, आणि ते बघून नवा माणूस घाबरतो. १९९७ मध्ये नेटस्केप ४ आणि इंटरनेट एक्सप्लोरर ४ आले. एक जण इव्हेंट फंक्शनच्या हातात द्यायचा, दुसरा तो विंडो.इव्हेंटमध्ये ठेवून द्यायचा. एकाकडे पेज-एक्स, दुसऱ्याकडे क्लायंट-एक्स आणि ऑफसेट-एक्स. म्हणून त्या काळच्या प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘हा कुठला ब्राउझर?’ अशी जर-तरची रांग दिसते. डॉक्युमेंट.ऑल, डॉक्युमेंट.लेयर्स, कॅप्चर-इव्हेंट्स यांपैकी काही दिसलं की तो तुकडा बाजूला ठेवा. क्लायंट-वायमध्ये डॉक्युमेंट.बॉडी.स्क्रोल-टॉप मिळवणारा कोडही त्याच काळातला, डॉकटाइप असलेल्या पानावर तो आकडा सहसा शून्यच येतो.

पेज-एक्स आणि ॲड-इव्हेंट-लिसनर इंटरनेट एक्सप्लोररला २०११ च्या नवव्या आवृत्तीत मिळाले, ऑफसेट-एक्स फायरफॉक्सला २०१५ मध्ये. १५ जून २०२२ ला इंटरनेट एक्सप्लोरर ११ चा आधारही मायक्रोसॉफ्टने काढून घेतला. आजच्या पानात या जर-तरचं काम उरलेलं नाही. एक्स-वायची ही सगळी उठाठेव मात्र माउसच्या जन्मापासूनची. डग्लस एंगेलबार्टच्या पेटंटमध्ये माउस हा शब्द शीर्षकात नाहीच. १९७० मध्ये मंजूर झालेल्या त्या पेटंटचं नाव आहे ‘डिस्प्ले यंत्रणेसाठी एक्स-वाय स्थानदर्शक’. खाली एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाकं होती, एक एक्ससाठी आणि एक वायसाठी.

राहिलेल्या दोन-तीन गोष्टी

पान आयफ्रेममध्ये (दुसऱ्या पानात बसवलेल्या चौकटीत) असेल तर क्लायंटचं शून्य त्या फ्रेमच्या कोपऱ्यात असतं, बाहेरच्या पानाच्या नव्हे. आणि फ्रेमवर माउस असताना बाहेरच्या पानाला माउसमूव्ह मिळत नाही. यूट्यूबचा व्हिडिओ एम्बेड केलाय आणि त्यावर गेलं की टीप थांबते, ती यामुळे.

एखाद्या बिंदूखाली कुठली वस्तू आहे हे विचारायला डॉक्युमेंट.एलिमेंट-फ्रॉम-पॉइंट आहे. त्याला क्लायंटचेच आकडे द्यायचे. पेजचे दिलेत तर स्क्रोल केल्यावर भलतीच वस्तू मिळते, किंवा बिंदू खिडकीबाहेर पडून नल मिळतं.

शेवटी आपल्या फोटोतच दडलेली एक गोष्ट. पट्ट्या बटण टॅगने केल्या असतील तर त्यांच्यावर झालेला क्लिक वर झिरपत डिव्हपर्यंत पोचतो आणि जुन्या पट्टीवर नवी पट्टी चढते. त्यासाठी लिसनरच्या पहिल्याच ओळीत ई.टार्गेट.क्लोजेस्ट('बटन') तपासा, काही सापडलं तर तिथूनच परत फिरा. दुसरं, कुणी टॅब दाबत पट्टीवर येऊन एंटर मारलं तरी ब्राउझर क्लिकच पाठवतो. माउस नसल्यामुळे त्यात बरेचदा क्लायंट-एक्स शून्य आणि क्लायंट-वायही शून्य असतात. वजाबाकी केली की उणे दीडशे वगैरे येतं आणि पट्टी फोटोच्या बाहेर जाऊन बसते. अशा क्लिकमध्ये ई.डिटेल शून्य असतं, खऱ्या माउस क्लिकमध्ये एक किंवा जास्त. तेव्हा डिटेल शून्य असेल किंवा प्रमाण ० ते १ च्या बाहेर गेलं असेल तर पट्टी बनवू नका. मग टॅब आणि एंटर दाबून एकदा स्वतः तपासा, त्यानंतरच पानाची लिंक बॅचच्या ग्रुपवर टाका.